आमच्या साडूंची काळी नळी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून मोटारीची नळी गुळाच्या साच्यावर करणारा माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे, हे मी कोणत्याही कागदावर सही करून लिहून देईन. गेल्या गुढीपाडव्याला तासगावात त्यांच्या घरी, आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, माझी बायको आणि मी असे तिघे समोर असताना त्यांनी पुरणपोळीच्या ताटाशेजारी काळ्या, चमकत्या, जाळीदार कापडाची एक गुंडाळी आणून ठेवली. कार्बन फायबर. कापड, त्याला लावायचे चिकट रेझिन आणि कुरिअर धरून नऊ हजार चारशे रुपये. मी साताऱ्यात पतसंस्थांचे हिशेब तपासतो, म्हणून आकडा विचारला. बाकी कुणी सणाच्या दिवशी विचारला नसता. आक्का म्हणाली, "एवढ्यात मला चांगल्या दोन साड्या आल्या असत्या." साडू म्हणाले, "साडी तापल्यावर फुगत न्हाई, ह्ये बी फुगत न्हाई. सारखंच हाय की."

साडू सव्वीस वर्षे सैन्यात गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि परत येताना पेन्शनीबरोबर दोन समजुती घेऊन आले. जगातले निम्मे आजार श्वास नीट न लागल्यामुळे होतात, ही पहिली. या बाबतीत माणूस आणि इंजिन असा भेद करण्याचे कारण नाही, ही दुसरी. लग्नात जेवणे उरकली की तासगावचे पुरुष बेदाण्याच्या दरावर बसतात. साडू त्या वेळी मांडवामागच्या गाड्यांमध्ये फिरत असतात आणि आई लेकराच्या कपाळावर ठेवते तसा अनोळखी बॉनेटांवर तळवा ठेवत असतात. एकदा माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील चांगले हुद्द्यावरचे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी सहज विचारले की चढाला आमची गाडी धूर सोडते, काय असेल? साडूंनी पिशवीतून रबराची नळी काढून त्यांच्या तोंडात दिली. "वढा श्वास." गृहस्थांनी ओढला. "चेपली का? आता फुंका. फुगली का? इंजिनाचं बी असंच हुतंय बगा." पोरगी बिचारी पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली, कारण सासरे होऊ घातलेले गृहस्थ गाल फुगवून बसले होते. लग्न जमले. पण ते व्याही आजही आमच्याकडे आले की साडूंपासून दोन खुर्च्या सोडून बसतात.

साडूंची स्वतःची गाडी बारा वर्षांची टर्बो डिझेल आहे. टर्बो म्हणजे काय, हे मला त्यांनी इतक्यांदा सांगितले आहे की मी झोपेतही सांगेन: इंजिनाच्या सुटत्या धुराने एक चक्र गरगर फिरते आणि ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनाला भरवते. ती दाबलेली, वाटेत गार केलेली हवा ज्या नळीतून जाते, ती नळी रबराची. दोन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या घाटात ती फाटली. गाडीने काळा धूर सोडला आणि आम्ही चौघे बैलगाडीच्या वेगाने वर आलो. त्या दिवसापासून रबरावरचा त्यांचा विश्वास उडाला. आल्युमिनियमची नळी घ्या, असे मी सुचवले. "पाव्हणं, आल्युमिनियम म्हंजे तवा. गार केल्याली हवा तव्यावरनं न्यायची व्हय?" कार्बन फायबर फुगत नाही, तापत नाही आणि वजनाला काही नाही, परदेशात शर्यतीच्या गाड्यांना तेच घालतात, असे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. तयार नळीची किंमत पाहून मात्र त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि ती घरी करायचे ठरवले.

यातली अडचण अशी की कापड कशावर तरी गुंडाळून त्यावर रेझिन लावावे लागते, आणि ते वाळून दगडासारखे झाले की आतला साचा बाहेर काढावा लागतो. नळी दोन ठिकाणी कोपरासारखी वळलेली. लाकडी साचा घातला तर तो जन्मभर आतच. मोठमोठ्या कारागिरांना पडलेले हे कोडे साडूंनी गुऱ्हाळावर रस पिता पिता सोडवले. जुनी रबरी नळी एका बाजूने चिरून, तारेने परत आवळून त्यांनी तिच्यात गरम गूळ ओतून घेतला. गार झाल्यावर रबर सोलले. आतून हुबेहूब नळीच्या आकाराची ढेप. हिच्यावर कापड चढवायचे, वाळले की गरम पाण्यात बुडवायचे, गूळ विरघळून वाहून जाईल. कल्पना ऐकून मी खरोखर उठून त्यांचा हात हातात घेतला.

पहिली नळी त्यांनी वाळायला बेदाण्याच्या शेडमध्ये टांगली, चैत्राच्या उन्हात. आत गूळ मऊ पडला आणि नळी लोंबत लोंबत सोंडेच्या आकाराची झाली. मुंग्यांनी तिच्यापर्यंत जी वाट पाडली ती पुढे बेदाण्याच्या जाळ्यांकडे वळली आणि आक्काला दोन दिवस पाण्याचे पाट भरून मुंग्या थोपवाव्या लागल्या. सोंड बघून ती म्हणाली, "भादव्यापातूर ठिवा, कामाला यील." दुसरी नळी मग घरातल्या खोलीत, पंख्याखाली, खाटेवर ठेवून वाळवली गेली आणि खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. ती मात्र नामी झाली. काळीभोर, आत-बाहेर गुळगुळीत, एका हाताच्या दोन बोटांवर तोलता यावी अशी. साडू ती घेऊन गल्लीतल्या प्रत्येकाला "धरा, धरा नुसती" म्हणत फिरले.

इकडे आक्काचे वेगळेच चालले होते. तिला गाडी विकायची होती. कारण नळी नव्हे. कारण साडूंचे कान. सव्वीस वर्षे धडधडत्या इंजिनांशेजारी उभे राहून उजवा कान जवळजवळ गेलेला आणि डावा निम्मा. मशीन लावा म्हणून मुलीने सांगितले, डॉक्टरांनी सांगितले. "कानात मशीन म्हंजे म्हातारा झालो म्हनून पाटी लावून हिंडायचं," असे म्हणून ते विषय संपवत. पण कवठेएकंदपासून तासगावपर्यंत एक एसटी हॉर्न वाजवत त्यांच्या मागे आली, साडू रस्त्याच्या मधून आपल्या चालीने चालले होते, आणि शेवटी ड्रायव्हर स्टँडपाशी उतरून हातवारे करत आला, तेव्हा साडूंनी काच खाली करून आपुलकीने विचारले, "गरम झाली व्हय? बॉनेट उगडा, बगतो." शेजारी बसलेल्या आक्काने त्याच आठवड्यात विट्याच्या एका व्यापाऱ्याकडून गाडीचा पाच हजार रुपये इसार घेतला. साडू दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, नवीन नळीने गाडी औंधच्या यमाईच्या डोंगरावर आधीपेक्षा लवकर चढली तर गाडी ठेवायची, नाही तर चावी देतो. आक्का हो म्हणाली. वेळ मी मोजणार होतो, आणि माझ्या आकड्यात प्रेम मिसळत नाही हे तिला ठाऊक होते.

औंधला आम्ही चौघे गेलो. पहिली खेप रबराच्या कोऱ्या नळीने. खाली येऊन साडूंनी चिंचेखाली काळी नळी चढवली आणि दुसरी खेप सुरू झाली. पहिल्याच वळणाला गाडीत गुळाचा खमंग वास भरला; सांध्यापाशी थोडी ढेप राहून गेली असावी. दुसऱ्या वळणाला माझी बायको म्हणाली, "दाजी, शीळ कोन घालतंय?"

खरेच, शीळ होती. साडूंनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की बारीक, लांब, चढत जाणारी शीळ यायची. पाय काढला की नि:श्वास. रबर जो आवाज गिळत होते तो ही कडक नळी सरळ बाहेर सोडत होती. आम्ही तिघेही ऐकत राहिलो.

"काय म्हनली?" साडूंनी विचारले.

"गाडी शीळ घालतीया," आक्का त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडून मला पाय दाबायला लावला आणि नळीला जवळजवळ कान टेकवला. मग दुसरा कान. "आता वाजती?" "वाजतीय." "आता?" "आताबी." त्यांनी मला खाली उतरवले. "कशी वाजती ती करून दावा." मी आयुष्यात शीळ घातली नव्हती. देवीला निघालेल्या बायकांसमोर मी ओठांचा चंबू करून जमेल तसे फुंकले. साडू माझ्या तोंडाकडे पाहत होते. "सैन्यात टर्बो अशीच वाजायची," ते म्हणाले, आणि बॉनेट सावकाश खाली घेतले.

वर पोचल्यावर मी आकडा सांगितला. नवीन नळीने वेळ तेवढाच लागला होता, उलट दोन-तीन सेकंद जास्तच. मधल्या थांब्याचा वेळ मी अर्थातच धरला नव्हता. साडू म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं," आणि किल्ली आक्काच्या ओटीत ठेवली. उतरताना गाडी माझ्या बायकोने चालवली. साडू मागे बसून खिडकीबाहेर बघत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सांगलीला जायाचंय. हिशेबाला मानूस पायजे, या." गाडीची किल्ली आक्काने माझ्या हातात दिली. कानाच्या मशीनच्या दुकानातल्या तरुणाने तपासणी केली, आलेख दाखवला, मशीन कानामागे बसवले आणि त्यातून कानात जाणारी इवलीशी पारदर्शक नळी नीट केली. साडूंनी ती आरशात पाहिली. "ही कशाची?" "मऊ प्लास्टिकची असते काका." "फुगत न्हाई न्हवं?" तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, सांगा, नाही फुगत.

अडतीस हजार रुपये रोख दिले. घासाघीस झाली नाही. रस्त्यावर येऊन त्यांनी आपल्या गाडीचे बॉनेट उघडले आणि मला बसायला सांगितले. मी पाय दाबला. साडूंनी हात वर केला, तसाच ठेवला, आणि काहीतरी म्हणाले. इतक्या हळू की मला ऐकू गेले नाही. मग गाडीत बसून दार लावले आणि दचकले. "ह्ये दार येवढं खडखडतंय? आन ही खालची पट्टी? कवापासनं?" मी म्हटले, बरीच वर्षे. "मग येकानं बी सांगू ने?"

आता ते फोनवर हळू बोलतात. पूर्वी तासगावचा फोन आला की साताऱ्यात आमच्या शेजाऱ्यांनाही बेदाण्याचा दर कळायचा. आता मलाच "जरा मोठ्यानं बोला" म्हणावे लागते, आणि ते "व्हय, व्हय" म्हणून तेवढ्याच आवाजात पुढे बोलतात. मला अजून सवय झालेली नाही.

व्यापाऱ्याचा पाच हजारांचा इसार आक्काने स्वतः विट्याला जाऊन त्याच्या हातावर परत ठेवला. तो जरा रागावला. म्हणाला, "येवढं काय हाय वैनी त्या गाडीत?"

आक्का म्हणाली, "आमचं मालक असत्यात."