हनीफचाचांच्या फळ्यावरची खोटी ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. जळगावात हनीफचाचांच्या माशांच्या दुकानात भिंतीवर एक फळा आहे. कोणता मासा कुणाबरोबर एका टाकीत नांदतो आणि कुणाबरोबर नांदत नाही, हे त्यावर लिहिलेलं आहे. त्यातली एक ओळ खोटी आहे आणि ती माझ्यामुळे खोटी आहे.

चाचांचे हात कायम पाण्यात. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर, बोटांची टोकं सुरकुतलेली. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "घरात कोण कोण आहे?" नवखा माणूस गडबडून "मी, मिसेस आणि आई" असं सांगायचा. चाचा मान हलवायचे. "अल्ला त्यांना सुखात ठेवो. टाकीत कोण कोण आहे?"

ते कळल्याशिवाय मासा मिळत नसे. एकदा शिरपूरकडचे एक शेतकरी आले होते. त्यांना गोल्डफिशही हवे होते आणि लहान मासे गिळणारा ऑस्करही. "बठ्ठा एकच टाकीमा राहतीन ना?" त्यांनी विचारलं. चाचा त्यांच्याच बोलीत म्हणाले, "राहतीन ना भाऊ, दोन दिन. मंग ऑस्कर एकलाच राही." शेतकरी खो खो हसले आणि नुसते गोल्डफिश घेऊन गेले.

चाचांची एक पद्धत होती, तिला ते 'बैठक' म्हणत. दुकानाच्या मागच्या भागात एक रिकामी टाकी असे. नवी जोडी जुळवायची तर दोन्हीकडचे मासे आठ दिवस त्या टाकीत एकत्र ठेवायचे आणि स्टुलावर बसून पाहायचं. कोण कुणाला कोपऱ्यात दाबतं, खाणं कुणाच्या तोंडातून हिसकावलं जातं, रंग कुणाचा उतरतो. आठ दिवस थांबायला लावल्यावर एक बाई चिडल्या. "अहो चाचा, मासे न्यायला आलेय मी, मुलगी द्यायला नाही!"

"मुलगी तरी माहेरी फोन करते अक्का. हा कुणाला करणार?"

नदीत भांडण झालं तर मासा पुढच्या डोहात निघून जातो, काचेच्या टाकीत पळून जायला गल्ली नसते, असं ते सांगत. आणि फळ्याचा नियम असा, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच तिथे लिहायचं. मोठमोठे व्यापारी येऊन सांगायचे, हे चालतं, ते चालतं. चाचा ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि खडूला हात लावायचे नाहीत.

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा घर फार शांत झालं, म्हणून मी टाकी घेतली. चाचांनी मला दोन एंजल आणि चार मोती गोरामी दिले, अर्थात आठ दिवसांच्या बैठकीनंतर. "आपलं बोअरचं पाणी जड. मॉली, गप्पी त्यात खूश असतात. एंजलला नळाचं द्या, दोन दिवस साठवलेलं. आणि मे महिन्यात टाकीवर ओलं गोणपाट टाका, आपला जळगावचा उन्हाळा माशालाही सोडत नाही." चाचांनी सांगितलं तसं मी केलं. ऑफिसातून आल्यावर तासभर टाकीपुढे बसायचो. एंजल त्यांच्या लांब पंखांनी असे सावकाश फिरायचे की माझंही डोकं निवायचं.

पण मला त्या टाकीत थोडी धावपळ हवी होती. मी चाचांकडे टायगर बार्ब मागितले, काळ्या पट्ट्यांचे ते चपळ छोटे मासे. "नाही भाऊ. ते उनाड. लांब पंख दिसला की ओढणारच. एंजलबरोबर नकोच." मला वाटलं, चाचा जरा अतीच करतात.

ऑफिसच्या कामासाठी मला दर आठवड्याला धुळ्याला जावं लागे. तिथल्या एका दुकानातून मी सहा टायगर बार्ब घेतले आणि पिशवी मांडीवर धरून एसटीने घरी आणले. बायको तेव्हा पंधरा दिवस बोदवडला माहेरी होती. चौथ्या दिवशी दोन्ही एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या. पाचव्या दिवशी एक मेला. दुसरा फिल्टरमागे लपून राहिला. मी बार्ब पकडले, धुळ्याच्या दुकानदाराला नेऊन दिले आणि मग चाचांना फोन केला.

ते स्वतः आले. टाकीपुढे मांडी घालून अर्धा तास बसले. मग विचारलं, "टाकीत अजून कोणी होतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग गोरामींनीच केलं. चूक माझी आहे भाऊ. बैठकीत मी नीट पाहिलं नाही." उरलेला एंजल आणि चारही गोरामी ते बादलीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ आली, 'एंजल आणि गोरामी: नाही'. न पाहता लिहिलेली चाचांची ती एकमेव ओळ. ती माझ्या शब्दावर लिहिलेली होती.

सहा महिन्यांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. एंजल बरा झाला होता, पंख पुन्हा आले होते. तो आणि तेच चार गोरामी बैठकीच्या टाकीत एकत्र फिरत होते. चाचांची मुलगी नसरीन पुढे दुकानात माशांचं खाणं पुड्यांत भरत होती. चाचांनी चहा पुढे केला.

"पंख आल्यावर पुन्हा एकत्र ठेवले, दोन महिने झाले. एक ओरखडा नाही. मला झोप लागत नाही भाऊ. आठवून सांगा, त्या दिवसांत टाकीत दुसरं कोणी होतं का?"

आधीचं खोटं मी घाबरून बोललो होतो. हे दुसरं मी शांतपणे, चहाचा घोट घेऊन बोललो. सहा महिने हा माणूस माझ्यामुळे स्वतःला दोष देत होता. हे आता कसं सांगायचं, एवढाच विचार माझ्या मनात आला. "नाही चाचा. कोणी नव्हतं."

चाचांनी वाकून टाकीच्या काचेवर बोट टेकवलं. मग हसले. "म्हणजे माझे डोळे म्हातारे झाले. तुम्ही कशाला खोटं बोलाल?" आणि जाळीने एंजल उचलून त्यांनी दुसऱ्या टाकीत सोडला.

त्यानंतर चाचा जोड्या जुळवताना स्वतः निर्णय देईनासे झाले. स्टुलावर बसायचे, पाहायचे आणि हाक मारायचे, "नसरीन, जरा तू बघ गं. मला काही सांगता येत नाही." ती पाहायची आणि बरोबर सांगायची. त्यात त्यांना दुःख होतं असं मी म्हणणार नाही. मुलीला आपलं काम येतं, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. कुणी भेटलं की कौतुकाने सांगायचे, "आमच्या घरात आता एकाच माणसाला दिसतं." सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या वर्षी थोड्याशा आजारानंतर चाचा गेले. दुकान नसरीन चालवते, आणि छान चालवते. बैठकीची टाकी आहे, आठ दिवसही आहेत. माझ्या टाकीत आता मॉली आणि प्लॅटी आहेत, बोअरच्या पाण्यात आनंदात आहेत. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसतो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटतं.

मागच्या शनिवारी मी दुकानात होतो. नवं लग्न झालेलं एक जोडपं एंजल आणि गोरामी मागत होतं. नसरीनने फळ्याकडे बोट दाखवलं. "जमत नाही त्यांचं. अब्बांनी स्वतः पाहिल्याशिवाय या फळ्यावर काहीच लिहिलेलं नाही." त्या दोघांनी मान डोलावली आणि फक्त एंजल घेतले. मी खाण्याचा डबा घेतला आणि घरी आलो.

चाचांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. हे नसरीनला तिच्या दुकानात जाऊन, तोंडाने सांगणं माझ्याकडे बाकी आहे.