दाढेखालचा दम

तंबाखू खाणाऱ्याजवळ किस्से नसतात, कारण त्याचं तोंड भरलेलं असतं. सोडणाऱ्याजवळ मात्र ढिगानं साचतात. तोंड रिकामं, हात रिकामे, मग दुसरं करणार काय? मला तर अजून एका जागी बसवत नाही, म्हणून उभ्या उभ्याच सांगतो.

सत्तरच्या दशकात आम्ही पाच-सहा जण मंगरूळपीरच्या शाळेच्या मैदानावर धावायचो. पोलीस भरतीत लागायचं, एवढंच डोक्यात. आमच्यात सगळ्यात पुढे विठ्ठल. तो आसेगावहून पळतच यायचा, दाढेखाली तंबाखूचा बार भरून. "यानं तहान नाई लागत, दम टिकते," म्हणायचा. आम्हीही तेच मानायचो.

अडचण एकच. पळता पळता तो थुंकायचा आणि मागे असेल त्याचं बनियन रंगायचं. आठ दिवसांत त्याच्या मागे राहायला कुणी तयार होईना. सगळे जीव तोडून त्याच्या पुढे जायला बघायचे. आमचे पीटीचे देवराव सर घड्याळ पाहून म्हणाले, "मी वर्षभर बोंबललो तं काई झालं नाई. याच्या पिचकारीनं तुमचा टाइम सुधरला!"

*

तालुक्याच्या शर्यतीत विठ्ठल बराच पुढे होता. रस्त्याकडेला लिंबाखाली एक म्हातारा तंबाखू मळत बसला होता. आमच्याकडे मळलेली तंबाखू कुणी एकटं खात नाही. आधी तळहात समोरच्यापुढे धरायचा आणि त्यानं चिमूट उचलायची, मग ओळख असो नसो. म्हाताऱ्यानं सवयीनं हात पुढे केला. विठ्ठल थांबला. चिमूट उचलली, राम राम केला, बैलांची चौकशी केली आणि पुन्हा पळाला. तिसरा आला.

"काहून थांबला बे?" सर ओरडले.

"समोर आलेल्या हाताले नाई कसं म्हणू सर?"

*

सर तरी कुठे धुतल्या तांदळाचे? "तंबाखूनं छातीचं वाटोळं होते," हे ते हनुवटी वर करून सांगायचे, बार सांडू नये म्हणून. शर्यत सुरू करताना शिट्टी वाजवता यायची नाही. रुमाल हलवायचे.

*

भरतीची तारीख लागली आणि विठ्ठल काळजीत पडला. वयात बसायची ही त्याची शेवटची भरती, आणि भरतीच्या वेगानं पळाला की चार चकरांनंतर त्याचा दम हटकून तुटायचा. सरांनी त्याला बार भरून ओट्यावर बसवलं, मनगट धरलं आणि नाडी मोजली. दुसऱ्या दिवशी बाराशिवाय मोजली. मग कपाळाला हात लावला.

"लेका, बसल्या बसल्याच तुयं काळीज पळून राह्यलं. शर्यतीच्या आधीच तू दोन चकरा मारून घेते."

विठ्ठलनं सरांचं मनगट धरलं. मोजून झाल्यावर म्हणाला, "सर, तुमी तं शर्यत जिंकूनई आले!"

दोघांनी आपापल्या पुड्या समोरच्या टपरीच्या चुलीत टाकल्या. भरतीपर्यंत कुणी खायची नाही, जो खाईल त्यानं दुसऱ्याला तोंड दाखवायचं नाही. मीही टाकली. माझ्या दुसऱ्या खिशात अजून एक होती.

*

पुढचे तीन महिने मैदानावर कुणालाच चैन नव्हतं. विठ्ठलनं शर्टाची कॉलर चावून चिंध्या केल्या. सरांना आता शिट्टी वाजवता यायची, म्हणून ते उगाच वाजवायचे आणि वर्गच्या वर्ग दचकून उभे राहायचे. एक दिवस सरांच्या घरच्या काकू मैदानावरच आल्या.

"यायले एक तं खाऊ द्या, नाई तं तुमच्या संगं पळवा. सकाळपासून तीनदा खाट हलवली!"

सरांनी निमूट चपला काढल्या आणि आमच्या मागे पळायला लागले.

*

तेव्हा आमचा जिल्हा अकोला. भरती तिथंच झाली. पहिले दहा घेणार होते. मी निम्म्यातच खाली बसलो. का बसलो ते माझ्या दुसऱ्या खिशाला विचारा.

विठ्ठल बारावा होता आणि दोन चकरा उरल्या होत्या. मैदानाभोवतीच्या दोराजवळ सर उभे. त्यांचा डावा तळहात पसरलेला आणि उजवा अंगठा त्यावर भराभर फिरत होता. माझा विश्वासच बसेना. सर तंबाखू मळत होते! असा राग आला मला, की उठून त्यांना हलवावंसं वाटलं. विठ्ठलनंही पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पाय क्षणभर मंदावले. मग दात आवळून तो असा काही सुटला, की सरांकडे पुन्हा बघितलंच नाही.

नववा आला.

घाम न पुसता तो थेट सरांपुढे जाऊन उभा राहिला. "सर, हात दाखवा."

सरांनी तळहात पुढे केला. त्यात काहीच नव्हतं. घासून घासून कातडी तेवढी लाल झाली होती.

"कवा मळाले लागलो, मले समजलंच नाई बे," सर म्हणाले. त्यांचा हात तसाच पुढे राहिला होता.

विठ्ठलनं त्या रिकाम्या तळहातावरून दोन बोटांनी चिमूट उचलली, दाढेखाली ठेवली आणि जरा वेळ घोळवली.

"चुना जास्त झाला सर," तो म्हणाला.