बाई येईपर्यंत

आईचा फोन आला. "बोचकं कायम झालं गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी दातांत क्लिप धरून केस बांधत होते. तोंडात क्लिप असल्यामुळे बोलायला थोडा वेळ मिळाला, तो मी पुरेपूर घेतला. मग म्हटलं, "अरे वा."

"तुझंही होईल बघ," आई म्हणाली.

माझं होणार नाही हे आईला चांगलं माहीत आहे. कायमच्या नोकरीची वयाची अट उलटून गेली, त्या दिवशी मी जेवत नव्हते तेव्हा ताट घेऊन माझ्या दाराशी तीच बसली होती. तरी म्हणाली. आनंदाच्या भरात माणसं काहीही बोलतात.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. माझ्या पोटात दुखलं. चांगलंच दुखलं. दिवसभर मी भेटेल त्याला हसत हसत सांगितलं की बहिणीला कायमची नोकरी लागली, आणि दर वेळी सांगून झाल्यावर जबडा दुखायचा.

बोचकं म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी तिला कुठेही जायचं म्हटलं की आपलं सगळं सामान एका चादरीत बांधायची. शेजारी खेळायला जायचं तरी बाहुली, बाहुलीचे कपडे, एक उशी, असलाच तर एखादा पेरू. म्हणून ती बोचकं. मोठी झाली, शिक्षिका झाली, चादर जाऊन खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी आली. फरक एवढाच.

शिक्षिका मी आधी झाले, मग माझं बघून ती. दोघी बदली शिक्षिका. एखाद्या बाई बाळंतपणाला गेल्या, कुणाचा पाय मोडला, कुणाचे सासरे आजारी पडले की शाळेतून आम्हाला फोन. दुसऱ्यांची दुखणी म्हणजे आमची रोजी. आमचे हे तर म्हणतात, "कुणी शिंकलं की तू पर्स उचलतेस."

या कामाचे काही नियम असतात, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. बोचक्याला ते मी शिकवले. परक्या वर्गात शिरलं की आधी दारात उभं राहायचं आणि सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं: टेबल कसं आहे, खडूची डबी कुठल्या हाताला, खुर्चीवर उशी आहे की नाही. बाकं हलवायची झाली तर आधी पायांभोवती खडूने खुणा करायच्या. जाताना सगळं होतं तसं लावून द्यायचं. परत आलेल्या बाईंना वाटलं पाहिजे की आपण कालच घरी गेलो होतो. कपाट उघडायचं नाही. आपलं सामान आपल्या पिशवीत, रोज आणायचं, रोज न्यायचं. आणि कुणी विचारलं की किती दिवस आहात, तर उत्तर एकच: "बाई येईपर्यंत." मुलांना फार जीव लावायचा नाही, हाही एक नियम. मला स्वतःला तो कधी जमला नाही, पण तिला मी तो ठणकावून सांगितला होता.

कायमच्या नोकरीची परीक्षा असते, तिची तयारीही माझ्याच स्वयंपाकघरात झाली. मी भाजी परतत प्रश्न विचारायचे, ती ओट्याला टेकून उत्तरं द्यायची. माझं राहिलं, निदान तिचं तरी व्हावं, असं मी चारचौघांत म्हणायचे. मनात वेगळंच होतं. मनात होतं, ही काही पास होत नाही.

ती झाली. आणि आठवड्याभरात तिचा फोन: "ताई, वर्ग लावायला येतेस? सोमवारी शाळा सुरू होतेय. मला एकटीला सुचत नाहीये."

नाही म्हणता आलं असतं. पण वर्ग बघायचा होता ना. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तशी मी गेले.

पहिलीचा वर्ग. कोपऱ्यातली खोली, दोन बाजूंना खिडक्या, अर्ध्या भिंतीपर्यंत निळा रंग आणि वर चुना. बुटकी बाकं. भिंतीवर आधीच्या बाईंचे अक्षरांचे तक्ते, कडा पिवळ्या पडलेले. त्या बाई निवृत्त झाल्या होत्या, खुर्चीवरची उशीसुद्धा मागे ठेवून. वाईट खोली निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. खोली छान होती. मी ज्या ज्या वर्गांत दुसऱ्यांच्या खुर्चीवर टेकले, त्यांतल्या कुठल्याही वर्गापेक्षा छान होती.

शिपाईमामा आले आणि बोचक्यासमोर कपाटाची किल्ली धरली. "हे कपाट तुमचं, बाई." तिच्या हातात केरसुणी आणि बादली, म्हणून ती म्हणाली, "ताई, जरा घे गं." मी घेतली. मुठीत धरून ठेवली. ती कोमट झाली तरी परत द्यायचं मला सुचलं नाही, आणि तिने मागितलीही नाही.

आम्ही झाडलं, पुसलं, जाळी काढली. बाकं एका बाजूला ओढण्याआधी बोचकं खाली बसलं आणि प्रत्येक पायाभोवती खडूने खूण केली. मी बघत राहिले. खुणा सांभाळून पुसलेली फरशी वाळल्यावर तिने एकेक बाक बरोबर त्या खुणेवर आणून ठेवलं. खिडकीतलं ऊन सरळ फळ्यावर येत होतं. डाव्या रांगेला अक्षरांऐवजी नुसती चकाकी दिसणार, हे नवख्यालाही कळलं असतं. बाकं थोडी तिरकी केली की काम भागत होतं. तिनेही डोळे बारीक करून फळ्याकडे बघितलं, आणि तशीच पुढे गेली.

मग तिने पिशवीतून दोरी काढली, एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत बांधली आणि आपली चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी त्यावर अडकवली. आधीच्या बाईंच्या तक्त्यांना हात लावला नाही. निघायच्या वेळी चित्रं उतरवली, दोरी गुंडाळली, चिमटे मोजून डबीत भरले. कपाट तसंच रिकामं. "उद्या परत लावू," म्हणाली आणि पिशवी खांद्याला अडकवली. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लांबोडका दांडा बाहेर डोकावत होता. पडद्याचा असेल, असं मला वाटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. साऱ्या नातेवाइकांना कळलं होतं की ही कायम झाली, फक्त हिला स्वतःला कुणी सांगितलेलं नव्हतं. स्वतःच्याच वर्गात ती पाहुणी म्हणून आली होती. चार शब्दांत सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. मिळाली ना नोकरी? मग बस आता अंग चोरून. वाटेभर मी गालातल्या गालात हसत होते. घरी हे म्हणाले, "आज चेहरा खुललाय." म्हटलं, "झाडझूड केली की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशीही मी गेले. आता तर आवडीने गेले.

बोचकं स्टुलावर चढून दोरी बांधत होतं, ओठांत दोन चिमटे. शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, उगाच कशाला वाईट बोला. त्यांनी खोलीभर नजर फिरवली: खुणांवरची बाकं, जुने तक्ते, दोरी, खुर्चीजवळची फुगलेली पिशवी. सुट्टी लागण्याआधीच बाहेरगावी गेलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना काही माहीत नव्हतं.

"छान," त्या म्हणाल्या. "किती दिवसांसाठी आहात?"

आणि माझी बहीण ओठांतले चिमटे सांभाळत चटकन म्हणाली, "बाई येईपर्यंत."

"बरं बरं," असं म्हणून त्या गेल्या. त्यांना ते अगदी पटलं.

खरं तर मला हसू फुटायला हवं होतं. कालपासून याच मजेवर तर मी जगत होते. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे दोन शब्द न म्हणता एका वर्गात उभं राहता यावं, एवढंच मला आयुष्यात हवं होतं. तिला ते मिळालं होतं आणि ती ते खिडकीबाहेर फेकत होती. सोन्याचा हार मिळालेल्या बाईने तो कपडे वाळत घालायला बांधावा, तसं.

"काय म्हणालीस त्यांना?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"कोण बाई येणार आहेत?"

मग तिच्या लक्षात आलं. चिमटे तोंडातून काढत म्हणाली, "सवय गं जिभेला."

"जिभेला काही झालेलं नाही. तुलाच झालंय. या खुणा कुणासाठी केल्यास? ही दोरी कशाला? कपाट रिकामं ठेवून रोज ओझं वाहून कुठे नेतेस? त्या बाई घरी नातवंडं खेळवतायत. कुणीही यायचं नाहीये."

बोचकं खाली उतरलं आणि एका बुटक्या बाकावर बसलं. गुडघे पार हनुवटीला लागले.

"कळतं मला," ती म्हणाली. "पण कपाटात काही ठेवायला गेले की हात होत नाही. मला सारखं वाटतं, मी तुझ्या जागी आलेय. एक दिवस तू येशील, आणि मला सगळं होतं तसं तुझ्या हातात द्यायला लागेल."

इथे चांगली बहीण तिला जवळ घेते आणि म्हणते, वेडे, जागा तुझीच आहे. मी म्हणाले, "हो, माझीच आहे. मी तुझ्यापेक्षा चांगलं शिकवते. तुला माहीत आहे, आईला माहीत आहे. पण मला ती मिळणार नाही. आणि मला मिळत नसताना तू ती अशी उसनी आणल्यासारखी वापरणार असशील, तर ते मला बघवत नाही. नीट घ्यायची तर घे, नाहीतर सोडून दे."

तिने विचारलं, "रागावलीयेस?"

"जळतेय."

"अजून?"

"आत्ता तर कुठे सुरुवात आहे."

तिला हसू आलं. मला नाही आलं. नाक पुसत ती उठली आणि पिशवीतला तो लांबोडका दांडा काढून त्यावरचं वर्तमानपत्र फाडलं. पडद्याचा दांडा नव्हताच तो. लाकडी पट्टी होती, सुताराकडून करून घेतलेली, तिच्यावर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक रंगवलेलं चित्र: मासा, छत्री, शिडी, बदक, चंद्र. पहिलीच्या मुलांना आपलं नाव अजून वाचता येत नाही, पण दप्तर अडकवायला आपला मासा सापडतो. अशा आणखी पट्ट्या घरी पलंगाखाली होत्या. ही तिने दोन्ही दिवस आणली होती, आणि काल तशीच परत नेली होती.

"भिंतीत ठोकावी लागते ना," ती म्हणाली.

मला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं शिकवतेय, पण खुंटीवर मासा काढावा असं मला एकदाही सुचलं नव्हतं. हे नवीनच दुखणं. आतापर्यंत मी तिच्या नोकरीवर जळत होते, आता तिच्यावर जळायला लागले.

हातोडी शिपाईमामांकडून मागून आणली. आधी बोचक्याने ओल्या फडक्याने फरशीवरच्या खडूच्या खुणा पुसल्या, सगळ्या, एकही न ठेवता. मग आम्ही बाकं तिरकी लावली. जुने तक्ते उतरवले, तेव्हा त्यांच्याखालचा चुना पांढराशुभ्र निघाला. पट्टी मी दोन्ही हातांनी भिंतीवर धरली.

"खाली," ती म्हणाली.

"एवढी बस झाली."

"ताई, पहिलीची आहेत ती. आणखी खाली."

"दप्तरं जमिनीला टेकतील."

"नाही टेकणार." ती गुडघ्यांवर बसली, हात वर करून एखादं लहान मूल करेल तसं खुंटीला चाचपडून बघितलं आणि पट्टी माझ्या हातांसकट आणखी खाली ओढली. आता मलाही गुडघे टेकावे लागले. तिचं बरोबर होतं.

"आण, मी ठोकते," मी म्हटलं. "तुझा हात हलका आहे."

"नको. तू धर."

पहिला खिळा गेला तेव्हा निळ्या रंगाचे पोपडे माझ्या मनगटावर पडले. तिच्या केसांत चुना उडाला होता. दुसरा खिळा तिने दातांत धरला होता आणि ती माझ्याकडे नाही, पट्टी सरळ आहे का तेवढंच बघत होती.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. हातात ब्रश आणि रंगाचा छोटा डबा. काल किल्ली एकीसमोर धरली आणि घेतली दुसरीने, त्यामुळे त्यांचा गोंधळ झाला असावा; आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघून म्हणाले, "दारावर नाव घालायचंय. या वर्गाच्या बाई कोण?"

आम्ही दोघींनी दाराकडे बघितलं. हा प्रश्न कानावर आला की आमची दोघींची मान आपोआप दुसऱ्या कुणाकडे तरी वळते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझ्या तोंडात तो एका अक्षराचा शब्द आलाच होता, खोटं कशाला सांगू, अगदी जिभेच्या टोकावर आला होता.

बोचक्याने दातांतला खिळा काढला.

"मी," ती म्हणाली, आणि पुढे आपलं नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, लिहिताना चूक होऊ नये म्हणून. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मघापासून मी तिच्या तोंडून हेच वदवून घ्यायला बघत होते. निघालं, तेव्हा वाटलं, पट्टी सोडून द्यावी आणि सरळ घरी जावं. सोडली नाही. दुसरा खिळा अजून ठोकायचा होता.