आमाच्या शेजारची खाट

डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या, "बहनजी, टीबी है. पल्मनरी टीबी." पल्मनरी टीबी म्हणजे फुप्फुसाचा क्षय. मी बाकावर बसले होते, हाताला अजून पिठाचा लगदा होता. मी नेपाळला आजारी पडायला गेले नव्हते. आजाऱ्यांना रांधून घालायला गेले होते.

आमच्या चर्चचा गट तिथल्या मिशनच्या इस्पितळात सेवेला निघाला, तेव्हा माझी नणंद रोझा हिने माझंही नाव दिलं. रेवदंड्याहून मी फार तर अलिबागला गेलेली. प्रार्थनासभेत सगळे उठून साक्ष देतात, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. मी कधी उठले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चार माणसांत तोंड उघडायची सवय नाही. रोझा म्हणाली, "तुला बोलायला कोण सांगतंय? भात शिजव नि गप बस."

खोकला घरापासूनच होता. आमच्याकडे जवळा, ती बारीक कोळंबी, सुकवून झोडपतात, त्याची बारीक धूळ नाकातोंडात जाते. तिथे सगळ्याच बाया खोकतात, त्याला कोणी आजार म्हणत नाही. संध्याकाळचा ताप मी उन्हाचा समजले. पोलकी सैल झाली तर शेजारणी म्हणाल्या, "बारीक झालीस, बरी दिसतेस." तुम्ही असं अंगावर काढू नका. खोकला दोन आठवड्यांवर राहिला तर स्प्युटम टेस्ट करा. म्हणजे खाकरून काढलेला बेडका तपासतात. दुखत नाही काही.

मला वेगळ्या वॉर्डात ठेवलं. गटातल्या सगळ्यांना तपासलं, रोझालाही. कोणाला काही निघालं नाही, तेवढं बरं. मग ते डोंगरातल्या गावांकडे पुढे गेले. निघताना गटाचे ब्रदर खिडकीबाहेरून म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल." मला राग आला. एवढ्या लांब आणून खाटेवर पाडायची, ही कसली योजना? मी प्रार्थना सोडली.

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी नारिंगी झाली, मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, ते टीबीचं एक औषध. घाबरू नका. दिवस नुसते खिडकीतून सरकायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. सगळे तिला आमा म्हणत, आमा म्हणजे आई. ती गोळ्या तोंडात घ्यायची आणि सिस्टर वळल्या की थुंकून उशीखाली सारायची. ताटाला हात लावत नव्हती. उपाशी पोटाला गोळ्या सोसत नसणार, मला माहीत होतं. एकदा डॉक्टरीणबाईंना त्या गोळ्या सापडल्या. त्या म्हणाल्या, "दवा नहीं खाओगी तो बचोगी नहीं, आमा." आमाने भिंतीकडे तोंड केलं. अगदी माझ्यासारखं.

माझ्या पिशवीत सुके बोंबील होते. आमच्याकडे कोणी परगावी निघालं की बांधून देतातच. दुसऱ्या सकाळी सिस्टरना विचारून मी वॉर्डामागच्या चुलीवर पेज ठेवली आणि निखाऱ्यावर बोंबील भाजले. दोनदा दम लागून खाली बसले. वास आत गेला तशा दुसऱ्या सिस्टर नाक दाबून धावत आल्या. "अरे, क्या मर गया यहाँ?"

आमा मात्र उठून बसली होती. "सिद्रा?" तिने विचारलं. त्यांच्याकडची सुकी मासळी म्हणजे सिद्रा, बोटाएवढीच असते. मी बोंबील पुढे धरला. तिने तो उलटासुलटा केला आणि हसली, "यति ठूलो!" एवढा मोठा!

वाटीभर पेज तिने संपवली. मग सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. मी माझ्या गिळल्या, आमासमोर तोंड आऽ करून जीभ वर केली, आणि तिच्याकडे बोट दाखवलं. माझं झालं, आता तुझं. आमाने वाकून माझ्या तोंडात पाहिलं. मग गिळल्या.

त्या दिवशी मी पुन्हा प्रार्थना केली. उद्याही आमाच्या पोटात अन्न राहू दे, एवढंच मागितलं. स्वतःसाठी मागायचं राहूनच गेलं. मी जन्माची ख्रिस्ती, पण कोणीतरी ऐकतंय असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

माझा संसर्ग थांबल्यावर मला डोंगरातून परतलेल्या गटाबरोबर घरी पाठवलं. उरलेले बोंबील आमाच्या उशाशी ठेवले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तोंड आऽ करून जीभ वर केली. काही लपवलेलं नाही. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. रोज आठवण येते.

माझी औषधं पुरी झाली. एक्स-रेत फायब्रोसिस आहे, म्हणजे भरलेल्या जखमेचा वण. चर्चच्या पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागतं. साक्ष द्यायला मी अजून उठत नाही.

पण आमच्या आळीत होडीवर जाणारे दामूदादा आहेत, त्यांना टीबी निघाला. आरोग्य केंद्राच्या आशाताई गोळ्या देतात, ते खिडकीतून फेकतात. म्हणून सकाळी मी पेज घेऊन जाते.

"तुझं काय जातंय गं?" ते खेकसतात.

"माझं काय जात न्हाय. आधी खावा."

ते खातात, गिळतात. मी म्हणते, "दादा, तोंड उघडा." ते कुरकुरत उघडतात. जिभेखाली काही नसतं. मग मी त्यांच्याच ओट्यावर दम खात बसते आणि देवाचे आभार मानते, मनातल्या मनात.