मर्लने जाळं उचललं तो दिवस

मर्ल हॅविलने जन्मभर इस्पितळाच्या चादरी धुतल्या. पाण्याने जड झालेली चादर ती एकटी पिळायची. मी कोळशाच्या खाणीतला. कुणाचे कष्ट खरे, हे मला कळतं. तिचे खरे होते.

तिची मतं मात्र सगळी फुकट गेली. आमच्या भागात कायम आमचा मोठा पक्ष निवडून यायचा आणि मर्ल छोट्या पक्षाची. एका निवडणुकीत न्यूझीलंडभरातलं पाचातलं एक मत त्या पक्षाला पडलं. खासदार आले दोन. “मरायच्या आधी एक तरी मत कामी येऊ दे,” म्हणायची.

त्र्याण्णव साली निवडणुकीबरोबर सार्वमतही आलं. जुनीच पद्धत ठेवायची, की मतांच्या प्रमाणात पक्षाला जागा द्यायच्या? मर्ल नव्या पद्धतीसाठी दारोदार फिरली. मी जुनीच्या बाजूचा.

नेमकी मतदानाच्या दिवशी भरतीबरोबर नदीत आमच्याकडची काचेसारखी इवली मासळी लोटली. वर्षाचा हंगाम संपत आलेला. काठावरची जागा सोडली की दुसरा येऊन बसतो, म्हणून मत द्यायलाही कुणी हलेना.

मर्लने आपलं जाळं उचलून गवतावर टाकलं. शेजारच्या नॉर्मला म्हणाली, “जा, मत देऊन ये. तुझं जाळं मी धरते. मासळी तुझीच.”

“आणि जुनीवर खूण केली तर?”

“कर. पण ऊठ आधी!”

नॉर्म आला, मग पुढचा गेला. गार पाण्यात उभी राहून तिने प्रत्येकाचं जाळं स्वतःचं असल्यासारखं धरलं. मी काही उठलो नाही. संध्याकाळी शेवटचा गेलेला परतेना. बहुतेक दारूच्या गुत्त्यात अडकला. केंद्र सातला बंद होणार, आणि मर्लचं मत राहिलेलं.

मी माझं जाळं काढून तिच्याकडे गेलो. “आण इकडे. पळ.”

“लेस, मी नाही गेले तर तुझाच फायदा.”

“अक्कल शिकवू नकोस. दिवसभर राबलीस ते काय हे बघायला? पळ म्हणतो ना!”

रबरी बूट फटफटवत ती पळाली. हसत परत आली तेव्हा सात वाजून गेले होते. मी तिच्या रिकाम्या बादलीत माझी अर्धी मासळी ओतली.

नवी पद्धत जिंकली. दुसऱ्या दिवशी मर्ल दारात हजर.

“कामी आलं रे, लेस!”

“आणि माझं पेटीतच पडलं नाही.”

“पडून तरी काय होणार होतं? फुकटच जायचं,” ती म्हणाली. “मला विचार. सवय होते.”

आणि तिने अंड्यात परतलेल्या त्या मासळीच्या गरम वड्या पुढे केल्या.