चादरीखालचं बेट

लीड्समधल्या आमच्या मंडळाला गणपतीत देखावा लागायचाच. मूर्ती वीतभर, हॉल शाळेचा, तोही चारच दिवसांपुरता भाड्याने, पण देखावा हवा. आमचे अध्यक्ष हाडांचे सर्जन होते. पुण्यात लहानपणी ज्या मांडवात त्यांना फक्त वायर धरायला उभं करत, तसल्या मांडवाचं अध्यक्षपद त्यांनी यॉर्कशायरमध्ये मिळवलं होतं. आदल्या वर्षीचा देखावा होता ‘पाणी वाचवा’. लीड्समध्ये, सप्टेंबरात.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी, अध्यक्षांना इंटरनेटवर एक बेट सापडलं. बंगालच्या उपसागरात, भारत आणि बांगलादेशाच्या सीमेवरच्या नदीच्या मुखाशी, एका मोठ्या वादळानंतर वर आलेला गाळाचा उंचवटा. आपण त्याला एक नाव दिलं, त्यांनी दुसरं. तिथे कुणी राहत नव्हतं, पण ते ज्याचं ठरेल त्याला समुद्राची हद्द पुढे सरकवता येणार होती, म्हणून आपण एकदा तिथे झेंडाही लावून आलो होतो. “विषय ज्वलंत आहे,” अध्यक्ष म्हणाले. ते बेट एव्हाना जवळपास पाण्याखाली गेलं होतं, हे त्यांनी बहुधा पुढच्या पानावर जाऊन वाचलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी हॉलवर गेलो तेव्हा देखावा तयार होता. मुलांचा फुगवायचा निळा हौद, त्यात कुणाच्या तरी फ्रीजच्या खोक्यातल्या थर्माकोलचं बेट, त्यावर तिरंगा. एका बाजूला पुठ्ठ्याची युद्धनौका. दुसऱ्या बाजूला छोटी होडी आणि तिच्यात लुंगी नेसलेले दोघे, जिवाच्या आकांताने वल्ही मारत पळणारे. ती लुंगी कुणीतरी फार मन लावून रंगवली होती.

आमच्या समोरच्या घरात एक बांगलादेशी कुटुंब राहायचं. तो माझ्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मूळचा खुलनाकडचा. त्याच्या आणि माझ्या मुलीचा वर्ग एक. माझी आणि बायकोची नाइट एकदम आली की आमची मुलगी त्यांच्याकडे झोपायची. गावात जेवायला बोलवावीत अशी घरं पुष्कळ होती. फोन न करता जावं असं हे एकच. आमच्या गणपतीला ते सगळे दरवर्षी येत. आरतीला तो हात जोडत नसे, पण टाळ्या मात्र तालात वाजवी, आणि त्याची मुलगी झांजांसाठी आमच्या मुलीशी भांडे.

शुक्रवारी कमिटी बसली. मी म्हणालो, “निदान ती होडी काढू या. ते लोक येणार आहेत.”

“अहो, मग बरंच आहे की,” खजिनदार म्हणाले. “त्यांनाही कळू दे.”

“डॉक्टर, हे पर्सनली घेऊ नका,” अध्यक्ष म्हणाले. “देशाचा प्रश्न आहे.”

“कुठल्या देशाचा? राणीशी एकनिष्ठ राहीन अशी शपथ घेतलीत ना आपण सगळ्यांनी?”

“तो पासपोर्ट हो. हा देश आहे.”

शेवटी तोडगा निघाला. रविवारी आरतीच्या वेळी देखाव्यावर चादर टाकायची आणि काम अपुरं आहे असं सांगायचं. चादर मीच घरून आणायचं कबूल केलं आणि जिंकल्यासारखा घरी आलो.

“त्यापेक्षा त्यांना सरळ सांग ना,” बायको म्हणाली.

“काय सांगू? या, पण चादरीकडे बघू नका?”

रविवारी ते आले. “ही तर तुमच्या घरातली,” त्याची बायको चादरीकडे बघत म्हणाली. मी घाईघाईने त्यांना खुर्च्या दाखवल्या.

आरती संपतेय तोच प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलेल्या कौन्सिलर बाई आल्या. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला, भाषण केलं. मग त्यांची नजर चादरीवर गेली. समोर पाहुणी, हातात माइक आणि झाकलेली वस्तू. त्यांच्याच्याने राहवलं नाही. “आता अनावरण!” ते म्हणाले आणि चादरीचं टोक त्यांनी बाईंच्या हातात दिलं. मी उठेपर्यंत ती जमिनीवर होती.

“किती सुंदर!” बाई म्हणाल्या. “कुठलं हे?”

अध्यक्षांनी घसा साफ केला. तेवढ्यात समोरच्या घरातला माझा मित्र पुढे आला.

“आमच्या गावाजवळचा समुद्र आहे,” तो म्हणाला. “आम्ही दरवर्षी येतो, म्हणून यांनी यंदा आमच्यासाठी केला.”

बाई गहिवरल्या. टाळ्या झाल्या. “अगदी, अगदी!” अध्यक्ष म्हणाले. त्याची मुलगी हौदाशी जाऊन होडी बघत होती. ते दोघे का पळतायत, तिने बापाला विचारलं. “वादळ येतंय म्हणून,” तो म्हणाला.

ते जेवून गेले, मसालेभात पुन्हा मागून घेऊन. कार पार्कमध्ये मुलीला गाडीत बसवल्यावर त्याने मला विचारलं, “तुला कधीपासून माहीत होतं?”

“गुरुवारपासून.”

“फोन करायचास ना. मुलीला ताप आणला असता आम्ही.”

मी माफी मागायला लागलो. “राहू दे रे,” तो म्हणाला. “मोदक छान होते.”

भांडण असं झालं नाही. समोरासमोर दिसलो की हात हलायचे. आमच्या नाइट एकदम आल्या तेव्हा बायकोने त्यांना विचारलं, तर त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे निघाले. नंतरही निघत गेले. आम्हीही जाण्याआधी फोन करायला लागलो आणि मग फोन करायचंही कमी झालं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या रविवारची ऑन-कॉल ड्यूटी त्याने आपणहून मागून घेतली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मंडळातल्या भूलतज्ज्ञांची मोठीच सोय झाली. आभारप्रदर्शनात अध्यक्षांनी खास उल्लेख केला: आपल्या माणसांना आरतीला येता यावं म्हणून एक बांगलादेशी डॉक्टर दरवर्षी ड्यूटी करतो, याला म्हणतात बंधुभाव. हॉलभर टाळ्या पडल्या. बायकोने हात मांडीवरच ठेवले होते. मी वाजवल्या.