नको म्हणाले नाहीत, म्हणजे या

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन कोणी राहायला आलं, की पाहुणे त्यांना जिन्यातच गाठायचे. नाव, नोकरी, घरात माणसं किती, असलं काही नाही. पहिला प्रश्न, "तुमचं गाव कुठलं?" समोरचा सांगतोय न सांगतोय तोच दुसरा, "तिथं थंडी पडते का?" मला तर तिसराही विचारला होता, "घर मोठं आहे का?" मी चार महिन्यांची नवी सून, हातात भाजीची पिशवी. उत्तरच न देता वर निघून गेले आणि ह्यांना म्हटलं, "पहिल्या मजल्यावरचे ते गृहस्थ आपलं गावचं घर मागतायत." हे हसत म्हणाले, "अगं, ते पाहुणे. ते सगळ्यांचंच मागतात."

पाहुणे हे सिल्व्हर पार्कनं, म्हणजे आमच्या बिल्डिंगनं, त्यांना दिलेलं नाव. खरं नाव पाटीवर होतं, पण पोस्टमनसुद्धा पाहुणेच म्हणायचा. एका कारखान्यात टाइमकीपर होते. अंगात ताप असला तरी डबा घेऊन निघायचे, वर्षभर एक रजा घ्यायचे नाहीत. डिसेंबर लागला की साठवलेल्या सगळ्या रजा टाकून काकूंना घेऊन कुणाच्या तरी गावी. मीरा रोडला तेव्हा सगळ्या देशातली माणसं राहायला येत होती, ते त्यांना फार सोयीचं पडलं. वाण्याच्या भावाकडे राजस्थानात पालीला, केरळी नर्सच्या आईकडे, इस्त्रीवाल्याच्या चुलत्याकडे जौनपूरला. हॉटेलचं नाव काढलं की तोंड कडू करायचे. "हॉटेलात जाऊन माणूस बघतो काय? खोली. खोली माझ्याकडे आहे."

निघण्याआधी एक पोस्टकार्ड टाकायचे. "अमुक तारखेला दोघं येतोय, चार दिवस राहू, गादी नसली तरी चालेल." मी एकदा विचारलं, "आणि उत्तर आलं नाही तर?" म्हणाले, "नको म्हणाले नाहीत, म्हणजे या." मी थक्क. आमच्याकडे सख्ख्या मामाकडे जायचं तरी आई आधी दोन पत्रं टाकायची.

रिकाम्या हातानं जाऊ नये एवढी रीत मात्र पाळायचे, आणि घोळ नेमका तिथेच घालायचे. पालीला जाताना त्यांनी उत्तनहून आणलेले किलोभर सुके बोंबील नेले. मारवाड्याच्या घरी. पुडी उघडल्यावर तिथल्या सासूबाई ज्या अंगणात जाऊन बसल्या, त्या सगळं घर धुऊन निघेपर्यंत आत आल्या नाहीत. काकूंनी हे मला इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचाच राग आला. "मग तुम्ही लगेच निघालात ना?" तर म्हणे, "छे गं. हे म्हणाले, आता निघालो तर त्यांना वाटेल आपण रागावलो. सहा दिवस राहिलो." पुढच्या वर्षी त्याच सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला आल्या, आणि महिनाभर राहिल्या त्या पाहुण्यांच्या वन रूम किचनमध्ये. हे मी डोळ्यांनी बघितलं, नाहीतर विश्वास ठेवला नसता.

आमच्या लग्नाला चार वर्षं होत आली तरी आम्ही कुठे म्हणजे कुठेही गेलो नव्हतो. एका डिसेंबरात पाहुणे म्हणाले, "चला आमच्याबरोबर. बिलिमोऱ्याजवळ गाव आहे. सकाळी नीरा, संध्याकाळी शेतावर पोंक, म्हणजे आपला हुरडाच. खर्च फक्त तिकिटाचा." मी एका पायावर तयार झाले. घर कोणाचं ते विचारलं नाही, हा माझा गाढवपणा. पॅसेंजरनं डहाणू सोडलं तेव्हा विचारलं. पाहुणे शेंगा सोलत म्हणाले, "हंसाचं माहेर."

हंसा आमच्या वरची, तिसऱ्या मजल्यावरची. सहा वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या अनिलशी पळून जाऊन लग्न केलेली. तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं होतं. आता तिला सातवा महिना. सासू वारलेली, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं तर माहेर बंद. रोज दुपारी माझ्याकडे बसून रडायची, "माझं कोण करणार, वहिनी?" आणि हे गृहस्थ त्या घरी थंडी खायला निघाले होते, वर मला घेऊन.

"हंसाला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असती."

"तिच्या वडिलांना?"

"कार्ड टाकलंय. हंसाचे शेजारी म्हणून."

उत्तर आलं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. पुढच्या स्टेशनला उतरू म्हणून ह्यांना हलवलं, तर हे घोरत होते.

दार खुद्द तिच्या वडिलांनी उघडलं. आमच्या चौघांकडे एकेक करून बघितलं, नुसतं "आवो" म्हणाले आणि बाजूला झाले. बांनी, म्हणजे हंसाच्या आईनं, पाणी आणून दिलं. पुढचे तीन दिवस त्या घरानं आमचं जे केलं, ते माझ्या माहेरीही कोणी केलं नव्हतं. मडक्यात भाजलेलं शेंगा-कंदांचं उबाडियू, गरम रोटले, अंगावर जाड रजया. पण हंसाचा ह सुद्धा नाही. पाहुणेही काढेनात. नीरेचे तीन-तीन पेले पिऊन शेतातून फिरायचे आणि विहिरीची चौकशी करायचे. मी चिडून म्हटलं, "काका, बोला ना आता." म्हणाले, "आपण राहायला आलोय. राहू."

चौथ्या संध्याकाळी शेकोटीशी बसलो असताना बांनी खाली मान घालून विचारलं, "त्यां पाणी आवे छे?" तिकडे पाणी येतं का? आमच्या भागात तेव्हा पाण्याची बोंब होती, हे त्यांनी कुठून ऐकलं देव जाणे. सहा वर्षांत मुलीबद्दल त्यांना एवढंच विचारता आलं.

पाहुणे म्हणाले, "नल को नहीं आता. टँकर आता है. हंडा भरके उपर लेके जाना पडता है, तीसरे माले तक. सातवाँ महिना है, तो भी लेके जाती है."

बांनी पदर तोंडात धरला. मुलीला दिवस गेलेत हे त्यांना माहीतच नव्हतं. हंसाचे वडील उठून गोठ्याकडे गेले, ते जेवायलाही आले नाहीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सकाळी निघताना पाहुण्यांनी त्यांना सांगितलं, "शेठ, अब आपकी बारी. हमारे यहाँ आना." ते म्हणाले, "उसके घर की सीढी मैं नहीं चढूँगा." पाहुणे म्हणाले, "मत चढो. मेरा घर पहले माले पे है, उसका तीसरे पे." आणि पिशवी उचलून चालायला लागले.

मला गप्प राहायची तंबी मिळाली होती, म्हणून मी हंसाकडे अवाक्षर काढलं नाही. संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी ते दोघं आले. एकच रात्र राहू, वर जाणार नाही, हे दारातच सांगून पाहुण्यांच्या पलंगावर बसले. हंसाला पत्ता नव्हता. चार वाजता टँकर आला. सगळे भांडी घेऊन धावले, आणि पाहुण्यांनी त्या सत्तरीच्या माणसाच्या हातात हंडा दिला. "चलो शेठ, यहाँ मेहमान भी पानी भरते हैं." मला लाजेनं तिथे उभं राहवेना.

कळशी भरून मी जिना चढत होते. मागून ते आले, खांद्यावर भरलेला हंडा. पहिला मजला गेला, ते थांबले नाहीत. मी दुसऱ्यावर भिंतीला चिकटून वाट दिली आणि त्यांच्या मागोमाग वर गेले. तिसऱ्यावर हंसाचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. पावलं ऐकून अनिलच असेल असं वाटलं तिला. "तिथंच ठेवा," म्हणाली.

तिचं मराठी त्यांना कळलं नाही. धापा टाकत म्हणाले, "क्यां मूकुं, बेटा?" कुठे ठेवू?

माझ्या हातातली कळशी कधी कलंडली ते मला कळलंच नाही. टँकरचं पाणी जिन्यावरून वाहत गेलं आणि त्या दिवशी कोणी मला बोललं नाही. बा माझ्या बाजूनं, पाण्यातूनच, वर धावत गेल्या. मी रडत रडत खाली आले. पाहुणे मोरीतल्या पिंपात हंडा रिकामा करत होते.

"काका, ते वर गेले."

"दोघंही?"

"दोघंही."

पाहुण्यांनी ओल्या सदऱ्यानंच तोंड पुसलं, दोनदा पुसलं, आणि स्वयंपाकघराकडे बघून काकूंना म्हणाले, "अगं, भात आपल्या दोघांपुरताच लाव."